पास झालेलं पाणी

वाशिंदच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथं पाण्यात काही नाही हे सांगण्याचा मला पगार मिळतो. टाकीचं, नळाचं, यंत्रातलं पाणी रोज बाटल्यांतून येतं. मी ते ताटल्यांवर पसरते, उबवणीत ठेवते आणि ताटली कोरी निघाली की सही करते. कोरी ताटली म्हणजे चांगली ताटली. शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, "ताई, कोरी ताटली बघून सगळ्यांना बरं वाटतं, तुमचंच तोंड का वाकडं होतं?" मी म्हटलं, माझं तोंडच तसं आहे, तू तुझा डबा खा. खरं सांगायला बसले असते तर तिचा जेवायचा टाइम संपला असता.

खरं हे की माझ्या उमेदीची वर्षं मी ताटलीवर काहीतरी उगवावं म्हणून घालवली. ते उगवलंही होतं. आणि ते ज्यांनी मारलं ते माझे बाबा, आणि त्यांनी ते माझ्यासाठी केलं. नुसतं आठवलं तरी अजून तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती काढायची कुणावर हे कळत नाही म्हणून जास्तच जाते.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, सापगावच्या पलीकडे, नदी ओलांडून आत. गावामागच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला खडकाच्या फटीतून कढत पाणी येतं. आम्ही त्याला ऊनपाणी म्हणतो. वज्रेश्वरीची कुंडं सगळ्या जगाला माहीत, आमचं ऊनपाणी कुणाच्या गावी नव्हतं. देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, नारळ विकणारा नाही. फटीपाशी हात धरवत नाही इतकं पाणी गरम, आणि खाली दगडांच्या डबक्यात येईपर्यंत ते अंगाला सोसेल इतपत निवतं. फटीच्या तोंडापासून डबक्यापर्यंत दगडांवर एक जाड, नारिंगी-हिरवा, बुळबुळीत थर. त्याला आमच्या बायका साय म्हणत. दुधावरची साय जशी हाताने मोडत नाहीत तशी ही सायही कुणी खरवडत नसे. कुणाची आज्ञा होती असं नाही, पण खरवडायचं कशाला?

लावणी उरकली की सगळ्या बायका तिथं जायच्या. दिवसचे दिवस चिखलात उभं राहून पायांच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. ज्याला झाल्या त्यालाच त्यांची आग माहीत. बायका डबक्यात पाय सोडून बसायच्या, एकमेकींच्या सासवा काढायच्या, आणि उठताना बोटाने थोडी साय घेऊन बेचक्यांत लावायच्या. माझी आई मुरबाडकडची, धसईची. माहेरचं कौतुक तिच्या तोंडून कधी सरायचं नाही. तिथला बाजार, तिथली भाजी, तिथली एसटी. पण ऊनपाण्यात पाय सोडले की तीसुद्धा म्हणायची, "हां, असलं पानी मात्र आमच्या धसईला नाय."

बाबा थोडी भातशेती करायचे आणि ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. म्हणजे टाकी भरायची, वॉल्व्ह फिरवायचा, टाकीत आणि विहिरीत टीसीएलची, म्हणजे जंतू मारायची, पांढरी पावडर टाकायची, आणि बाटलीत नमुना भरून शहापूरला तपासायला पाठवायचा. एका वर्षी तो नमुना नापास झाला. गावाला लाल कार्ड मिळालं आणि विहिरीवर फळी ठोकून 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं. बायकांना नदीवर जावं लागलं, आणि प्रत्येक खेपेला त्या आमच्या दारावरून जाताना बाबांना ऐकवून जायच्या. बाबा तोंड लपवून फिरायचे. तेव्हापासून पावडरीच्या बाबतीत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पाण्यात जंतू सापडला म्हणजे घराण्याला डाग, असंच त्यांच्या मनाने घेतलं.

मी शिकत गेले. शहापूर झालं, मग मुंबई झाली, मग एका मोठ्या संस्थेत पीएचडीला जागा मिळाली. घरी मी काय करते हे कुणी खोदून विचारलं नाही. बाबा गावात सांगायचे, पोरगी मोठ्या ठिकाणी पाणी तपासते. मी म्हटलं, असू दे. त्यांना त्यात अभिमान होता, आणि डीएनएचं पुराण ऐकायला कोणाला वेळ आहे लावणीच्या दिवसांत.

ते पुराण इथे थोडक्यात सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणी बाबा अंबाडीच्या वाखाचा दोर वळायचे. जुना दोर झिजला तर तो फेकायचा नाही. त्याचे दोन पेड उलगडायचे, मध्ये नवा वाख घालायचा आणि परत पीळ द्यायचा. पेड उलगडला की तो दुसऱ्या माणसाने धरून ठेवावा लागतो. सोडला तर तो स्वतःभोवतीच पीळ खातो, गुंता होतो, आणि गुंता सोडवताना हमखास तुटतो. धरण्याचं काम माझं. "धर, सोडू नको," एवढंच बाबा म्हणायचे. बोटं दुखायची, पण सोडायचं नाही. दोर झाला की लोक वळणाऱ्याला शाबासकी देतात, धरणारीला कोण विचारतो?

डीएनए हा असाच दोन पेडांचा दोर. पेशीला त्याची नक्कल काढायची असली किंवा कुठे मोडलेलं सांधायचं असलं की ती दोन पेड उलगडते, आणि उघडा पडलेला एकेरी पेड धरून ठेवायला एक प्रथिन असतं. ते कापत नाही, जोडत नाही, काही बनवत नाही. नुसतं धरतं, आणि काम झालं की बाजूला होतं. माणसात आहे, भातात आहे, सगळ्यांत आहे. पण कढत पाण्यात राहणारे जे जंतू आहेत त्यांच्यात ते फार चिवट असावं लागतं. एक तर उष्णतेने दोर आपोआपच उसवतो. दुसरं, उघडा पेड उष्णतेत लवकर खराब होतो. तिसरं, एरवीचं प्रथिन तेवढ्या उष्णतेत उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन बसतं, ते धरणार काय, कपाळ! कढत पाण्यातलं मात्र धरून ठेवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ओट्यावर पेड धरून बसलेली मीच मला आठवले. हसू नका, माणूस विषय निवडतो तो असाच निवडतो.

माझ्या सरांकडे परदेशातून मागवलेले नामांकित जंतू होते. मी म्हटलं, माझ्या गावात कढत पाणी आहे, तिथलं बघू. सर म्हणाले, बघ, पण वेळ घालवू नकोस. सर चांगल्या घरचे, गोड बोलणारे, कधी आवाज चढवत नसत. मी घरातला चहाचा थर्मास घेऊन गेले आणि फटीच्या तोंडची चिमूटभर साय आणि पाणी त्यात भरून आणलं. आईने थर्मास परत मागितला तो मी कधी दिला नाही.

महिने लागले. त्या उष्णतेत ताटलीत ओतायचा नेहमीचा आगर, तो जेलीसारखा थर, सुकून पापड होतो, तेव्हा दुसरा डिंक वापरायचा. उबवणी उघडली की तोंडावर वाफ. पण शेवटी ताटलीवर बारीक नारिंगी ठिपके आले. त्यांचा रस काढला, एकेरी डीएनए चिकटवलेल्या भुकटीतून गाळला. बाकी सगळं वाहून गेलं, पेड धरणारं तेवढं मागे राहिलं. मग नळीत नुसता पेड आणि ते प्रथिन घालून तापवत गेले. सरांच्या नामांकित जंतूंचं प्रथिन ज्या तापमानाला हात सोडत होतं, तिथं माझ्या प्रथिनाने सोडला नाही. त्याच्या वरही सोडला नाही. मी तीनतीनदा करून पाहिलं, मग सरांना दाखवलं. सर खुर्चीतून उठले. एवढ्या वर्षांत ते माझ्यासाठी तेवढेच एकदा उठले.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्या बाबतीत नेण्याचं काम गर्दी करणाऱ्या दुसऱ्या एका जंतूने केलं. माझा ठिपका हळू वाढणारा. त्याच्यासोबत सायीतलाच एक दांडगट कधी आला ते दिसलं नाही. गोठवून ठेवलेल्या नळ्या पुढच्या कामासाठी उघडल्या तर सगळ्यांतून तो दांडगटच उगवला. माझा एकही नाही. माझ्या जंतूचं जनुक वेगळं काढून ठेवायचं काम पुढच्याच महिन्यात करायचं होतं. हातात राहिलं ते नळीच्या बुडाशी थोडंसं प्रथिन, आणि तेही मोजमापांत संपलं. ज्याचा जंतू दाखवता येत नाही अशा प्रथिनावर कोण विश्वास ठेवणार? उद्या मीही म्हणेन, माझ्याकडे उडणारी म्हैस होती.

फेलोशिप संपत आली होती. सर म्हणाले, "पुन्हा सँपल आणू. मी स्वतः येतो, मलाही जागा बघायची आहे. परत मिळाला तर मुदत वाढवून घेतो. नाही मिळाला तर मग दुसरा विचार करावा लागेल." म्हणजे माझी पीएचडी त्या डबक्याच्या सायीवर टांगली होती. मला काळजी वाटली नाही. साय कुठे जाते? माझ्या पणजीच्या आधीपासून ती तिथं होती.

मी घरी फोन केला. बाबांना म्हटलं, माझे साहेब येतायत, आपल्या ऊनपाण्यातले जंतू बघायला.

बाबा म्हणाले, "जंतू? आपल्या पान्यात?"

"हो. मी नेलं होतं ना मागे. त्यात सापडले."

"लय हायत?"

"भरपूर आहेत, बाबा," मी खुशीत म्हटलं. "साहेब मुद्दाम त्यासाठी येतायत."

"बरं," बाबा म्हणाले. "तू काय काळजी करू नको."

मी काळजी केली नाही. मुंबईतल्या मुलीला वाटलं, किती छान, बाबांना आनंद झाला.

आम्ही संस्थेच्या गाडीने गेलो. सर, ड्रायव्हर, मी, आणि मांडीवर नवे कोरे चार थर्मास. गावाच्या वेशीवरच सरपंच, उपसरपंच, शाळेतल्या पोरी ओवाळायला. अंगणं सारवलेली, माझ्या घराच्या भिंतीला चुना. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पाहुणा येणार म्हणून आमचे लोक कुठपर्यंत जातात ते. पण मी हसत होते. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे चालत होते, वाटेतल्या काट्या बाजूला करत.

ओढ्याच्या वळणावर आलो आणि मला आधी वास आला. टीसीएलचा. नाकात चरचरणारा, विहिरीत पावडर टाकली की गावभर पसरतो तो.

डबकं नव्हतंच. तिथं पांढऱ्या चकचकीत लाद्या लावलेली चौकोनी टाकी होती. घरकुलाच्या कामातून उरलेल्या लाद्या आणि सिमेंट पंचायतीने दिलं होतं. फटीपासून खालपर्यंतचा खडक तारेच्या ब्रशने घासून गोरा केला होता. फटीच्या तोंडात कापडाची एक पुरचुंडी बांधून सोडली होती, विहिरीत सोडतात तशी, पावडरीने गच्च भरलेली. पाणी तिच्यावरून झिरपत येत होतं. सगळं गाव राबलं होतं म्हणे, बाबांनी उभं राहून करून घेतलं. साय टोपल्यांनी भरून ओढ्यात टाकली.

थर्मास माझ्या हातातच.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इंग्रजीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले की बाथरूम छान झालंय.

बाबा पुढे आले. त्यांनी सरांपुढे हात जोडले. माझ्या बाबांनी कुणापुढे हात जोडलेले मी लाल कार्डाच्या वर्षानंतर तेव्हाच पाहिले. म्हणाले, "साहेब, पोरीनं सांगितलं जंतू सापडलेत. आमी एक ठेवला नाय. तुमी तपासून घ्या. आता तरी पास होईल ना पानी?"

आजूबाजूला सगळं गाव सरांच्या तोंडाकडे बघत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना वाटलं होतं की साहेब येणार, जंतू मोजणार आणि विहिरीवर मारली तशी ऊनपाण्यावर फळी मारणार. वर पोरीचं नाव खराब, की जिच्या गावचं पाणीच नापास ती कसलं पाणी तपासते. पाणी तपासायला माणूस येतो तो कशाला येतो, याचा त्यांचा सगळा अनुभव एवढाच. त्यांनी माझं पाणी पास व्हावं म्हणून जिवाचं रान केलं होतं.

सर हसले. गोड हसले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, एकदम पास."

टाळ्या वाजल्या. सरपंचाने नारळ फोडला. आमच्या ओट्यावर सरांनी गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी मागून मागून खाल्ली आणि आईला वाकून नमस्कार केला. मी चारही थर्मास भरले, खडकाच्या कानाकोपऱ्यातून, पुरचुंडी बाजूला करून, नखाने खरवडून. बाबा कौतुकाने बघत होते, पोरगी कशी मन लावून तपासते. परतीच्या वाटेवर सर गाडीत झोपले. शहापूर गेल्यावर जागे होऊन म्हणाले, "फार साधी माणसं आहेत गं." मला त्यांच्या तोंडावर थर्मास फेकावासा वाटला. साधी कसली? ज्याने त्याने आपापल्या अनुभवाने केलं. तुम्हाला एक वाक्य खरं बोलायचं होतं, तेवढं झालं नाही.

चार थर्मासांतून एक ठिपका आला नाही. मी पुढचं वर्षभर दर थोड्या दिवसांनी जाऊन आणलं, पदरमोड करून, कधी फटीतून काडी घालून. आलाच तर तो दांडगट यायचा. सरांनी आवाज न चढवता दुसरा विषय सुचवला, मग तो विषय नव्या मुलीला दिला, मग मला म्हणाले की तुझ्यासाठी उद्योगक्षेत्र चांगलं. पुढे एका परदेशी गटाने दुसऱ्या कुठल्या तरी झऱ्यातून असंच चिवट प्रथिन काढलं. आता ते रोगाच्या तपासण्यांच्या किटमध्ये घालतात म्हणे. माझंच होतं असं मी म्हणत नाही. माझं काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही.

बाबांना मी काही सांगितलं नाही. नोकरी लागली म्हटलं, वाशिंदला, पाणी तपासायची. ते खूश. घराजवळ आली पोरगी, आणि तेच काम.

टाकीवर पंचायतीने पाटी लावली: 'शास्त्रज्ञांनी तपासलेले शुद्ध पाणी'. मग शनिवार-रविवारी आसपासच्या फार्महाऊसवरचे लोक आंघोळीला यायला लागले. गावच्या बायका हळूहळू कमी झाल्या. लाद्यांवर पाय घसरतो, आणि त्या परक्या लोकांसमोर लुगडं वर करून कोण बसणार?

हे सगळं गिळून मी बसले होते. यंदा लावणी आटपल्यावर सुट्टी काढून घरी गेले. मागच्या दारी आई घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घेऊन पाय बुडवून बसलेली. बेचक्या लालबुंद.

"ऊनपाण्यावर का नाही गेलीस?"

"चरचरतं गो. त्या पावडरीनं लय चरचरतं. तुजा बाप दर महिन्याला टाकतो ना." मग हळूच, "त्याला काय बोलू नको. तुज्यासाठी करतो तो."

मी तशीच ओढ्यावर गेले. बाबा टाकीच्या काठावर उकिडवे बसले होते, तारेचा ब्रश घेऊन. म्हातारे दिसले. लाद्यांच्या सांध्यात, फटीच्या अगदी खाली, एक बारीक नारिंगी रेघ होती. दोऱ्याएवढी. मी वाकून पाहिली. माझा होता की दुसराच कुणी ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि आमच्या कारखान्यातली उबवणी अंगाच्या उबेपलीकडे तापत नाही. पण नारिंगी होती.

"बघ, कितीबी घासा, परत येती ही घाण," असं म्हणून बाबांनी ब्रश टेकवला. मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण त्यांनी दचकून वर पाहिलं.

"राहू द्या, बाबा."

"अगो, नापास होईल ना."

"होऊ दे. ह्याच्यासाठीच आले होते मी साहेबांना घेऊन. ह्या घाणीसाठी. ही गेली म्हणून माझं सगळं गेलं."

त्यांना कळलं नाही. मग मी तिथंच बसून त्यांना सांगितलं, दोराचं सांगितलं. मी पेड धरून बसायचे ते आठवतं का? आठवतं म्हणाले. म्हटलं, ह्या सायीत एक बारीक जंतू होता, कढत पाण्यात राहणारा, आणि त्याच्यात पेड धरणारं एक होतं. जगात कुणाचं धरत नव्हतं एवढ्या उष्णतेत ते धरायचं. ते मी शोधलं होतं. तेच न्यायला आलो होतो. मी चिडून बोलत होते, रडतही होते, आणि थांबत नव्हते.

बाबांनी ब्रश खाली ठेवला.

"साहेब तर पास बोलला."

"खोटं बोलला."

"तोंडावर?"

"तोंडावर."

मला वाटलं बाबा विचारतील, की तू होतीस ना तिथं, तू का गप्प बसलीस? नाही विचारलं. उठून घरी गेले आणि जेवले नाहीत.

आठवड्याने आईचा फोन आला, की तुझा बाप पहार घेऊन ऊनपाण्यावर गेलाय आणि लाद्या उखडतोय, लोक जमलेत. मी पोचले तोवर निम्म्या लाद्या निघाल्या होत्या. सरपंच ओरडून थकला होता. सरकारी कामाची नासधूस, पंचायतीची पाटी, उद्या पोलिसात देऊ. पाणी सोडायचं कामही जाईल म्हणाला, आणि पुढे ते गेलंच. बाबा त्याला एकच सांगत होते, "माज्या पोरीचं पानी हाय ते." पहार टेकायची, रेटायची, लादी टणकन सुटायची. खाली सिमेंट, सिमेंटखाली खडक, तो पांढराफटक. पाटी त्यांनी सगळ्यात आधी काढून ओढ्यात फेकली होती.

संध्याकाळी लोक पांगले. शेवटची लादी निघाल्यावर बाबा हाशहुश करत बसले, हात सोललेले. फटीतून पाणी येत होतं आणि उघड्या खडकावरून खाली जात होतं, जसं आधी जायचं तसं. आम्ही दोघं बघत बसलो.

"आता येल ना गो साय?"

"येईल," मी म्हटलं. ती नारिंगी रेघ ज्या सांध्यात होती तो सांधा पहारीखाली केव्हाच फुटून गेला होता. मी त्यांना ते दाखवलं नाही.

"मंग तुजं ते परत चालू होईल? शिक्षन?"

माझी नोंदणी केव्हाच रद्द झालेली. सरांनी माझा नंबर तरी ठेवलाय की नाही देव जाणे.

"आणि तो साहेब," बाबा म्हणाले. "परत येल ना तो? मी माफी मागीन त्याची."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येतील, बाबा. नक्की येतील," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता ओळखलं की हा आवाज सरांचा आहे, 'काका, एकदम पास' म्हणतानाचा.

बाबांनी मान हलवली. मग पहार ऊनपाण्यात धुतली आणि खांद्यावर घेतली.